अंड्यापासून बोटुकलीपर्यंत

प्रयोगशाळेबाहेरचा व्हरांडा जुन्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. एके काळी तेथे नकाशांची लाकडी पेटी आणि धूळ खात पडलेले बाक असत. गेली काही वर्षे तेथे काचेच्या सात टाक्या मांडलेल्या आहेत. पालकभेटीच्या रविवारी मुलांशी बोलणे झाले की पालक येथे थोडे रेंगाळतात. अशाच एका रविवारी सातवीतील एका विद्यार्थ्याची आई सर्वांत लहान टाकीसमोर बराच वेळ उभी होती. त्या टाकीत वाळू नव्हती, वनस्पती नव्हत्या, शिंपलेही नव्हते. पारदर्शक पाण्यात शे-दीडशे बारीक ठिपके एकाच दिशेने तोंड करून थरथरत होते. त्या माउलीने विचारले, "सर, ह्यांची माय कुठं हाय?" आम्ही शेजारच्या मोठ्या टाकीकडे बोट दाखविले. तिने तिकडे पाहिले, पुन्हा इकडे पाहिले आणि म्हणाली, "मंग इकडं कशाला आणली?"

"तिथं ठेवली असती तर त्यांनीच खाल्ली असती," असे उत्तर आम्ही घाईघाईत दिले. उत्तर खोटे नव्हते. मात्र ते अपुरे होते. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी विज्ञान मंडळाकडे लेख मागितला तेव्हा ते अपुरे राहिलेले उत्तर येथे पूर्ण करावे असे आम्ही ठरविले.

आमच्याकडील मासा म्हणजे एंजल मासा. त्रिकोणी, चपटा, पाठीवर व पोटाखाली शिडासारखे उंच पर असलेला आणि अंगावर काळे उभे पट्टे मिरविणारा हा मासा शोभिवंत माशांच्या कोणत्याही दुकानात आढळतो. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलेर. बुडालेल्या फांद्या व लांब देठांच्या वनस्पती यांच्या दाटीतून सहज सरकता यावे अशी त्याची अंगकाठी. पट्ट्यांमुळे तो त्या उभ्या सावल्यांत मिसळून जातो. बाजारात आज मिळणारे एंजल मात्र ॲमेझॉनमधून आलेले नसतात. कित्येक पिढ्या टाक्यांतच जन्मलेल्या माशांचे ते वंशज आहेत, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

नर-मादी ओळखणे कठीण. म्हणून सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवावे आणि त्यांची जोडी त्यांनाच जमवू द्यावी, हा उत्तम मार्ग. आठ-दहा महिन्यांचे झाल्यावर दोन मासे टाकीचा एक कोपरा अडवून बसतात व इतरांना हुसकावू लागतात. मग ते एखादा उभा पृष्ठभाग निवडतात, रुंद पान, पाटीचा दगड, कधी फिल्टरची नळी देखील, आणि तो तोंडाने घासून स्वच्छ करतात. आम्ही त्यांच्यासाठी जुन्या काळची दगडी लिहिण्याची पाटी तिरकी उभी केली होती. ती शाळेच्या अडगळीतच सापडली. मादी पाटीवरून हळूहळू वर सरकत अंड्यांची एक ओळ चिकटवीत जाते. मागोमाग नर त्याच वाटेने जाऊन ती फलित करतो. तास-दोन तासांत दोनशे-तीनशे, कधी त्याहूनही अधिक अंडी पाटीवर ओळीने बसतात. ती मधाच्या रंगाची व पारदर्शक असतात.

येथून पुढे ही जोडी जे करते ते पाहण्यासारखे असते. दोघेही आळीपाळीने अंड्यांसमोर उभे राहतात आणि छातीजवळचे पर हलवून त्यांच्यावरून पाणी खेळते ठेवतात. एखादे अंडे पांढरे पडले तर ते तोंडाने नेमके उचलून काढतात. शेजारच्या अंड्याला धक्का लागत नाही. इतर मासे जवळ फिरकले तर त्यांच्यावर धावून जातात. अंडी फुटली की त्या चिमुकल्या जिवांना तोंडात घेऊन दुसऱ्या, अधिक स्वच्छ जागी नेऊन चिकटवितात. पिल्ले पोहू लागली की त्यांचा थवा दोघांच्या मधोमध चालतो, आणि संध्याकाळी भरकटलेल्या पिल्लांना तोंडात ओढून पुन्हा थव्यात सोडले जाते. मत्स्यवर्गात बहुतेक जाती अंडी टाकून निघून जातात. आपल्या ताटातील रोहू व कटला यांचेच पाहा. पावसाळी पुराच्या पाण्यात अंडी सोडली की त्यांचा अपत्यांशी संबंध संपतो. एंजल मासा ज्या सिक्लिड कुळातील आहे त्या कुळाने मात्र संगोपनाचे व्रत घेतलेले आहे.

मग ते अंडी खातात का? खातात, आणि पुष्कळदा खातात. पहिल्या विणीतील तरुण जोड्या तर हमखास. शेजारी सतत माणसांची हालचाल असेल, अचानक दिवा लागला वा विझला, टाकीत इतर मासे दाटीने असतील, तर जोडी बिथरते. ही पिल्ले जगणार नाहीत असे वाटले की त्यांत अडकलेले अन्न परत पोटात घालून पुन्हा विणीची तयारी करणे, हा निसर्गातील एक निर्दय पण सरळ हिशेब आहे. आमच्या व्हरांड्यातून तर दिवसातून सहा वेळा दोनशे मुले घंटेसरशी धावत जातात. पहिली वीण दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली, दुसरी त्याच रात्री. मुले हिरमुसली. तेव्हा तिसऱ्या विणीची अंडी पाटीसह उचलून वेगळी काढावयाची असे ठरले. पैदासीचा व्यवसाय करणारे लोक नेहमीच असे करतात. अंडी काढून घेतलेली जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा विते, हाही त्यांचा लाभ असतो.

तिसऱ्या विणीची पाटी आम्ही वीस लिटरच्या काचेच्या भांड्यात ताज्या, स्वच्छ पाण्यात ठेवली आणि भांडे कपाटावर सुरक्षित जागी नेले. कोणी त्रास देऊ नये म्हणून वर कापडही टाकले. तिसऱ्या दिवशी कापड काढले तेव्हा पाटीवर कापसाची शेते उगवली होती. एकही अंडे वाचले नव्हते.

आमची चूक आईबापांना वेगळे करण्यात नव्हती. ते जी कामे करीत होते ती कोण करणार याचा विचार आम्ही केला नव्हता. अंड्याला कल्ले नसतात. त्याच्या आवरणातून प्राणवायू आत झिरपतो, आणि स्थिर पाण्यात अंड्याभोवतालचा पातळसा थर लवकरच प्राणवायूविना होतो. आईबापांचे पर हा थर सतत बदलीत असतात. दुसरे म्हणजे प्रत्येक विणीत काही अंडी अफलित राहतातच. ती दिवसभरात पांढरी होतात आणि त्यांवर सॅप्रोलेग्निया नावाची, बुरशीसारखी दिसणारी पाणवाढ रुजते. तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरतात, तेथून पुढच्यावर. आईबाप पांढरे अंडे वेळीच उचलतात म्हणून ही साखळी तुटते. आमच्या भांड्यात पाणीही हलत नव्हते आणि पांढरी अंडी उचलणारेही कोणी नव्हते. त्यातून ज्याला आम्ही 'ताजे, स्वच्छ पाणी' म्हणालो ते नळाचे होते. त्यात आदल्याच दिवशी टीसीएल पावडर टाकलेली होती, हे पाण्याच्या टाकीची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याने नंतर सांगितले.

चौथ्या वेळी भांड्यात आईबापांच्याच टाकीतील पाणी घेतले, म्हणजे तापमान व क्षार यांचा धक्का बसत नाही. पंपाच्या नळीला हवेचा दगड लावून तो पाटीपासून चार-पाच सेंटिमीटरवर ठेवला. बुडबुडे अंड्यांवर आदळता कामा नयेत. त्यांच्या ओढीने पाणी अंड्यांवरून सरकत राहिले पाहिजे. पाटीची अंड्यांची बाजू दगडाकडे. पाण्याचे तापमान २७ ते २८ अंश सेल्सियस. आणि पांढरी अंडी उचलणाऱ्या तोंडाच्या जागी मेथिलीन ब्लू.

या निळ्या औषधाविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी ते कापड रंगविण्यासाठी तयार केले. पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये तेच हिवतापाच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि कृत्रिमरीत्या बनविलेले रसायन माणसाच्या रोगावर वापरण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. आमचे विद्यार्थी ते सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या किंवा गालाच्या पेशी रंगविण्यासाठी वापरतात, म्हणून ते प्रयोगशाळेत होतेच. अंड्यांसाठी लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम पुरते. एक टक्का द्रावण असेल तर १० लिटर पाण्याला २ मिलिलिटर. पाणी निळे व्हावे, पण पलीकडची पाटी स्पष्ट दिसावी, ही डोळ्यांची खूण. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना ते मारक असल्याने ते फक्त या वेगळ्या भांड्यातच घालावे. शर्टावर पडले तर निघत नाही. सहामाही परीक्षेच्या काळात निळ्या बाह्यांची चार मुले कोण होती, हे पर्यवेक्षकांना विचारावे.

सारी अंडी एका दिवसात पांढरी पडली तर दोष औषधाचा नसतो. एंजल माशांत दोन माद्यादेखील जोडी करून राहतात आणि दोघी अंडी घालतात. आम्ही एका जोडीला दोन महिने नर-मादी समजून जपले. विणीच्या वेळी बाहेर येणारी नळी मादीची रुंद व बोथट, नराची बारीक व टोकदार असते, हे तोवर पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी पाहण्याची तसदी घेतली नव्हती.

दोन ते अडीच दिवसांत अंड्यांतून शेपट्या वळवळू लागतात. याला फुटणे म्हणावे की नाही, असा प्रश्न मुलांना पडतो. कारण बाहेर आलेला जीव मासा दिसतच नाही. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी आणि मागे एक केसाएवढी शेपटी. डोक्यावरच्या ग्रंथींतून निघणाऱ्या चिकट धाग्याने तो पाटीला लटकून राहतो. काही सुटून तळाशी पडतात, ढिगात अडकतात, आणि ढिगातल्या आतल्यांना प्राणवायू मिळत नाही. आईबाप त्यांना उचलून पुन्हा वर चिकटवितात. आम्ही हवेच्या दगडाने तळाचे पाणी हळुवार हलते ठेवतो आणि ढीग झालाच तर ड्रॉपरने मोकळा करतो. याच काळात निळे पाणी थोडेथोडे काढून त्याजागी साधे, साठवून क्लोरीन उडालेले पाणी घालावयाचे असते.

या पाच-सहा दिवसांत अन्न अजिबात द्यावयाचे नाही. बलक हाच त्यांचा शिधा असतो. हे मुलांना पटविणे सर्वांत अवघड गेले. भुकेल्या जिवाला पाहून हात आखडणे वसतिगृहातील मुलांच्या स्वभावात नाही. रात्री कोणी तरी पोळीचा चुरा टाकलाच. तो सकाळी उपसावा लागला.

पिल्ले पाटी सोडून आडवी पोहू लागली की मात्र एक दिवसाचीही दिरंगाई चालत नाही. आता त्यांना अन्न हवे असते, तेही हलणारे. न हलणाऱ्या कणाला ती अन्न म्हणून ओळखतच नाहीत. जुन्या पद्धतीप्रमाणे कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून पाण्यात सोडतात. त्यावर काही पिल्ले जगतात हे खरे, तथापि न खाल्लेला बलक काही तासांत पाणी नासवितो. आमचा सल्ला विचाराल तर तो मार्ग घेऊ नये.

उत्तम अन्न म्हणजे आर्टेमियाची नुकतीच फुटलेली पिल्ले. आर्टेमिया हा अतिखारट सरोवरांत व मिठागरांत राहणारा कोळंबीचा दूरचा, नखाएवढा आप्त. पाणी आटू लागले की तो टणक कवचाची अंडी घालतो. ती सुकून वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात आणि खारे पाणी मिळताच जागी होतात. जगभर विकली जाणारी पुष्कळशी अंडी अमेरिकेतील युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून गोळा केलेली असतात. माशांच्या पिल्लांना हे अन्न चालते हे १९३३ मध्ये अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ मध्ये नॉर्वेत रोलेफ्सेन यांनी दाखवून दिले. त्यानंतर जगातील मत्स्यबीज केंद्रांचा चेहरा बदलला. एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख अंडी असतात. दिसावयास तपकिरी धूळ.

आमची कृती अशी आहे. शीतपेयाच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगावी. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवावे, त्यात सपाट अर्धा चमचा अंडी टाकावी आणि तळापासून जोरात हवा सोडावी. वर दिवा हवा. पाणी २८ अंशांच्या आसपास हवे. चोवीस तासांत, थंडीत छत्तीस तासांत, पाण्याला नारिंगी झाक येते. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी कवचे वर तरंगतात आणि पिल्ले प्रकाशाकडे जातात. म्हणून बाटलीचा वरचा भाग काळ्या कागदाने झाकून दिवा खालच्या तोंडाशी धरावा. नारिंगी ढग तेथे जमला की बारीक नळीने काढून घ्यावा, तलम कापडातून गाळावा आणि गोड्या पाण्याने धुवावा, म्हणजे मीठ टाकीत जात नाही. कवचे चुकून गेली तर ती पिल्लांच्या पोटात अडकतात. आर्टेमियाची पिल्ले फुटल्याबरोबर सर्वांत सकस असतात. त्यांचाही बलक तासागणिक खर्च होत असतो. म्हणून कालचे अन्न आज पोसत नाही आणि रोज नवी बाटली लावावी लागते. एंजलच्या पिल्लांनी ते खाल्ले की नाही, हे पाहण्यास भिंग लागत नाही. पारदर्शक पोट नारिंगी दिसू लागते.

येथे आमच्या नववीतील एका विद्यार्थ्याचा प्रश्न नोंदविला पाहिजे. आमच्याकडे रोज सकाळी परिपाठात पंचशील म्हटले जाते. पहाटेचे खाद्य घालून तो थेट परिपाठाला येत असे. एके दिवशी त्याने विचारले, "सर, आर्टेमियापण जिवंतच असतात ना?" आम्ही 'होय' म्हणालो. पहिल्या दिवसांत ही पिल्ले दुसरे काही खात नाहीत, आणि नदीतही आईबापांच्या पाठोपाठ फिरत ती असेच सूक्ष्म जीव टिपतात, हे त्याला समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि खाद्याऐवजी पाणी बदलण्याचे काम मागून घेतले. ते त्याला दिले. आजही ते काम त्याच्याइतके नीट कोणी करीत नाही. व्यावसायिक पैदासकार वाकड्या कण्याची किंवा पर न फुटलेली पिल्ले वेगळी काढून टाकून देतात. आम्ही तसे करीत नाही. अशा माशांची एक निराळी टाकी आहे. तिच्यात गर्दी वाढत चालली आहे हेही खरे, आणि आठवी टाकी त्यासाठीच हवी आहे.

आता सर्वांत मोठ्या हानीविषयी. चौथ्या विणीतील अडीचशेच्या आसपास पिल्ले पोहू लागली होती. दिवसातून चार वेळा थोडेथोडे खाद्य, अशी पाळी लावली होती. बाराव्या दिवशी शनिवार होता, शाळा अर्धा दिवस. ज्याची पाळी होती त्याने खाद्य दिले; ज्याची नव्हती त्यानेही, प्रेमापोटी, दिले. गोड्या पाण्यात आर्टेमियाची पिल्ले काही तासच जगतात. उरलेली मरून तळाशी साचली. रविवारी पहाटे टाकीत तीसएक पिल्ले पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकीत होती. बाकीची तळाशी होती. मुलांनी ती मोजली नाहीत, आम्हीही मोजू दिली नाहीत.

कारण अमोनिया. प्रत्येक मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया सोडतो, आणि कुजणारे अन्न त्यात भर घालते. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरमधील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. आमच्या लहान टाकीत जिवाणूंची वस्तीच नव्हती. त्यात आमचे पाणी कूपनलिकेचे, जड व अल्कधर्मी. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो, हे आम्ही मुलांना फळ्यावर शिकविले होते आणि टाकीसमोर विसरलो होतो. नदीत हा प्रश्न येत नाही. वाहते पाणी सारे धुऊन नेते. शिवाय आईबाप पिल्लांना घेऊन जागा बदलतात. आमच्या पिल्लांना जाण्यास दुसरी जागा नव्हती.

तेव्हापासून पिल्लांच्या टाकीत वाळू घालत नाही, कारण उघड्या तळावर घाण दिसते. महिनाभर मोठ्या टाकीत ठेवून जिवाणूंनी भरलेला स्पंज फिल्टर अंडी फुटण्याआधीच तयार असतो. खाद्यानंतर तासाभराने बारीक नळीने तळ ओढून घेतला जातो, आणि रोज एक तृतीयांश पाणी, त्याच तापमानाचे, बदलले जाते. खाद्य देणाऱ्याने वहीत वेळ व सही लिहावी असा नियम आहे. खाद्याचा डबा कुलूपबंद असतो. या नियमावर मुले नाराज आहेत. वीज गेली तर पंप थांबू नये म्हणून बॅटरीवर चालणारा पंप एका माजी विद्यार्थ्याने भेट दिला; नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. पाचव्या विणीतील एकशे चाळीस पिल्ले बोटुकली झाली. तिसऱ्या आठवड्यात पर वर-खाली लांबू लागले आणि ठिपक्यांचे एकदम एंजल मासे झाले; सहा-आठ आठवड्यांत अंग जुन्या चार आण्याएवढे. त्या दिवसांत मेसमध्येदेखील जेवणापेक्षा माशांचीच चर्चा अधिक होती.

ही पद्धत सर्वच माशांना लागू पडते असे नाही. एंजलचा जवळचा नातलग डिस्कस घ्या. त्याची पिल्ले पहिले दोन-तीन आठवडे आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म खाऊन वाढतात. १९५९ मध्ये हिल्डेमन यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना वेगळे काढले तर आर्टेमियाने ती उणीव सहज भरून निघत नाही. आपल्या देशातही दक्षिणेच्या किनारपट्टीवरील खाड्यांत नारिंगी क्रोमाइड नावाचा लहान सिक्लिड आहे. त्याचीही पिल्ले आईबापांच्या अंगाला तोंड लावून श्लेष्म टिपतात. केरळात करीमीन म्हणून आवडीने खाल्ला जाणारा मासा त्याचाच मोठा भाऊबंद. उलट तिलापियाची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. ती चिकट नसतात. म्हणून मत्स्यबीज केंद्रांत ती तोंडातून काढून घेऊन, खालून पाणी सोडलेल्या बरणीत सतत लोळती ठेवतात. आणि ज्या रोहू-कटल्यांना संगोपन ठाऊकच नाही, त्यांच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. साठलेल्या पाण्यात ते अंडीच घालीत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन ती अडचण सोडविली. आज आपल्या धरणांत व शेततळ्यांत सोडली जाणारी बोटुकली त्या दिवसाची देणगी आहे. १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. जातीगणिक आईबापांचे काम निराळे, म्हणून आपल्याला घ्यावा लागणारा भारही निराळा.

राहिला त्या माउलीचा प्रश्न. पैदासकारांत असे बोलले जाते की बाजारातील एंजल माशांना आता पिल्ले सांभाळता येत नाहीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांची अंडी काढूनच घेतली गेली. यातील तर्क समजण्याजोगा आहे. नदीत अंडी खाणाऱ्या जोडीचा वंश खुंटतो आणि जपणाऱ्या जोडीचा चालतो. टाकीत माणूस दोघांचीही अंडी उचलतो, तेव्हा खाणाऱ्याचा व जपणाऱ्याचा वंश सारखाच वाढतो. मग निवड होणार कशी? शिवाय आमच्या जोडीने पहिल्या दोन विणी खाल्ल्या त्या गोंगाटामुळे की स्वभावामुळे, हे आम्ही तपासलेच नव्हते. दोन वेळा खाल्ले म्हणून आम्ही त्यांना अपात्र ठरवून मोकळे झालो होतो.

म्हणून सहाव्या विणीआधी त्यांची टाकी व्हरांड्यातून ग्रंथालयामागच्या खोलीत हलविली, तीन बाजूंना कागद लावला, रात्री मंद दिवा ठेवला आणि त्या खोलीत एका वेळी एकच विद्यार्थी जाईल असा नियम केला. ती वीण त्यांनी चौथ्या दिवशी खाल्ली. म्हणजे अंडी फुटेपर्यंत जपली आणि मग खाल्ली. सातवी वीणही तेथेच ठेवावी की नाही यावर विज्ञान मंडळात मोठा वाद झाला. मुलांचा कौल घेतला. एका मताने ठेवावी असे ठरले.

सातव्या विणीतील पिल्ले हा लेख लिहीत असताना एकोणीस दिवसांची आहेत. आम्ही वेगळी काढली असती तर शंभरावर वाचली असती. येथे साठएक आहेत. खाद्य आम्हीच देतो, आर्टेमियाच. परंतु पांढरी अंडी त्या दोघांनी काढली, निळे औषध लागले नाही, आणि संध्याकाळी दिवा मंद केला की नर कोपऱ्यातले चुकार पिल्लू तोंडात ओढतो, आणि प्रत्येक वेळी आमच्या काळजात धस्स होते. तो ते थव्यात आणून सोडतो. व्हरांड्यातील वेगळ्या टाकीची पद्धतही आम्ही सोडलेली नाही. ज्या जोड्या खातातच त्यांच्यासाठी ती हवी, आणि अंडे फुटताना दोनशे मुलांना पाहता येते ते तेथेच. पुढील पालकभेटीला ती माउली आली तर तिला ग्रंथालयामागची खोली दाखवावयाची आहे. एका वेळी एकच, हा नियम तिलाही लागू राहील.

स्नेहमेळाव्यास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना बोटुकली हवी असतील त्यांनी विज्ञान मंडळाकडे आधी नाव द्यावे. किमान सहा न्यावीत, जोडी त्यांची त्यांना जमवू द्यावी. पाण्याची पिशवी आम्ही भरून देऊ, त्यासोबत आमच्या टाकीत मुरलेला स्पंजचा एक तुकडाही देऊ. घरी नवी टाकी असेल तर तो तुकडा आधी तिच्यात टाकावा आणि मासे मागून सोडावेत.